एकच गिऱ्हाईक : साखरेची बेटे आणि आपला ऊस

अमेरिकेचे सरकार दरवर्षी एक यादी जाहीर करते. कोणत्या देशाची किती टन कच्ची साखर नाममात्र जकातीवर आत येऊ द्यायची, याची ही यादी. चाळीसेक देशांचे आकडे तिच्यात असतात आणि किमान बेरीज ठरलेली असते, ११,१७,१९५ टन. सर्वांत मोठा वाटा डोमिनिकन प्रजासत्ताकाचा, १,८५,३३५ टन. जमैकाला ११,५८३ टन, बार्बाडोसला ७,३७१ टन. भारताचा आकडा ८,४२४ टन. दिवसाला आठ हजार टन गाळप करणारा आपल्याकडचा एखादा कारखाना नऊ दिवसांत एवढी साखर पोत्यात भरतो.

या यादीत दोन गमती आहेत. सेंट किट्स या चिमुकल्या बेटाच्या नावापुढे ७,२५८ टनांचा आकडा अजून लिहिलेला असतो. वास्तविक त्या बेटावरचा साखर कारखाना २००५ सालीच कायमचा बंद झाला. दुसरी गंमत जास्त कडू आहे. ही यादी ज्या कोटा पद्धतीतून जन्मली, तिच्यात एके काळी सर्वांत मोठे नाव क्यूबाचे होते. आज ते नाव यादीत कुठेच नाही.

या दोन बेटांचा हिशेब मांडण्याचा हा प्रयत्न आहे. आमच्या बिद्री परिसरात ऊस हा गप्पांचा पहिला आणि शेवटचा विषय असतो. 'दूधगंगा-वेदगंगा'चा भोंगा वाजला की गळिताचा हंगाम सुरू आणि तो थांबला की वर्ष संपले, असे इथले पंचांग. अशा भागात राहणाऱ्याने कॅरिबियन समुद्रातल्या बेटांचा इतिहास वाचायला घेतला, तर पानापानावर ओळखीच्या खुणा सापडतात. मी अर्थशास्त्राच्या कुठल्या वर्गात बसलेलो नाही. ग्रंथालयांत मिळेल ते आणि जुन्या व्यापारी अहवालांतून सापडेल ते, असे गेली काही वर्षे वाचत आलो आहे. त्यामुळे सिद्धांताकडे माझा ओढा कमी. साखर कोणी घेतली, कोणत्या भावाने घेतली आणि पैसे कधी दिले, एवढेच मी पाहतो.

ऊस मुळात तिकडचा नव्हे. आपल्या 'शर्करे'चे अरबांनी 'सुक्कर' केले, स्पेनच्या लोकांनी त्याचे 'अझुकार' केले आणि १४९३ मध्ये कोलंबसाने दुसऱ्या सफरीत कॅनरी बेटांवरून उसाची कांडी अटलांटिकपार नेली. पुढे १६४०च्या दशकात बार्बाडोस बेटावर तंबाखू आणि कापूस मागे पडून सगळी जमीन उसाखाली गेली. जंगले तुटली. अन्नधान्य बाहेरून येऊ लागले. आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून पकडून आणली गेली. बेटावर पिकेल ते खायचे नाही आणि खायचे ते पिकवायचे नाही, ही व्यापाराची रीत तिथे रुजली ती अशी. इंग्रजांच्या वसाहतींतली गुलामगिरी १८३० च्या दशकात संपली, तेव्हा मळेवाल्यांनी भारताकडे पाहिले. १८३८ मध्ये ब्रिटिश गयानात आणि ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' या जहाजातून त्रिनिदादला गिरमिटिये पोचले. त्यांत बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून चढलेले होते. मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोक जास्त करून मॉरिशसला उतरले. तिथेही ऊसच होता.

एवढी पार्श्वभूमी पुरे. आता क्यूबा.

१८९८ मध्ये स्पेनची सत्ता गेली आणि अमेरिकी भांडवल क्यूबात शिरले. १९०३ पासून अंमलात आलेल्या करारानुसार क्यूबाच्या साखरेला अमेरिकेत जकातीत २० टक्के सवलत मिळाली. बदल्यात अमेरिकी मालाला क्यूबात सवलत. वरवर पाहता सौदा बरोबरीचा. पण एका बाजूला साखर हा एकच माल आणि दुसऱ्या बाजूला पिठापासून यंत्रांपर्यंत सगळे. पहिल्या महायुद्धात युरोपातली बीटाची शेती उद्ध्वस्त झाली आणि साखरेला सोन्याचे दिवस आले. युद्धानंतर भावावरचे नियंत्रण उठले. मे १९२० मध्ये न्यूयॉर्कला कच्च्या साखरेचा भाव पौंडाला साडेबावीस सेंटवर गेला. हवानात वाडे उठले, बँकांनी उभ्या उसावर आणि गोदामातल्या साखरेवर सढळ हाताने कर्जे वाटली. त्याच वर्षी डिसेंबरात भाव चार सेंटच्या खाली होता. क्यूबातल्या बँका बुडाल्या आणि गहाण पडलेले कितीतरी कारखाने न्यूयॉर्कच्या बँकेच्या ताब्यात गेले. क्यूबात त्या काळाला 'लाखोंचा नाच' म्हणतात. माल तारण ठेवून उचल घेणे आणि भाव पडला की तारण अपुरे पडणे, हे आपल्याकडे 'शॉर्ट मार्जिन' म्हणून ओळखले जाते. साखर कारखान्याच्या कोणत्याही संचालकाला ते समजावून सांगावे लागत नाही.

१९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेने आपल्या शेतकऱ्यांसाठी जकात वाढवली आणि १९३४ मध्ये कोटा पद्धत आणली. अमेरिकेला वर्षाला साखर किती लागेल, हे वॉशिंग्टनमधला कृषिमंत्री ठरवणार. त्यातली घरची किती, फिलिपिन्सची किती, क्यूबाची किती, हेही तोच ठरवणार. भाव जगापेक्षा चांगला, त्यामुळे क्यूबाची तक्रार फारशी नव्हती. १९५० च्या दशकात अमेरिकेत खपणाऱ्या साखरेचा सुमारे तिसरा हिस्सा क्यूबाचा होता आणि क्यूबाच्या निर्यातीच्या कमाईतला सुमारे ८० टक्के वाटा साखरेचा. म्हणजे एक माल, एक गिऱ्हाईक आणि भाव गिऱ्हाइकाच्या मर्जीचा.

१९५९ मध्ये फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले. त्याच उन्हाळ्यात चे गेव्हारा एक शिष्टमंडळ घेऊन आशिया-आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले. भारतातही आले, नेहरूंना भेटले. आपल्याकडे या भेटीचे फोटो क्रांतीच्या संदर्भात छापले जातात. पण दौऱ्यामागे साधी व्यापारी गरजही होती. क्यूबाला साखरेसाठी दुसरी गिऱ्हाइके हवी होती. फेब्रुवारी १९६० मध्ये सोव्हिएत उपपंतप्रधान मिकोयान हवानाला आले आणि करार झाला. त्या वर्षी सव्वाचार लाख टन आणि पुढची चार वर्षे दरसाल दहा लाख टन साखर सोव्हिएत संघ घेणार, किमतीचा पाचवा हिस्सा डॉलरमध्ये आणि बाकी मालाच्या रूपात. त्या मालात कच्चे तेल होते. क्यूबातल्या परदेशी मालकीच्या शुद्धीकरण कारखान्यांनी ते तेल घ्यायला नकार दिला, सरकारने ते कारखाने ताब्यात घेतले आणि ६ जुलै १९६० रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी क्यूबाचा त्या वर्षीचा उरलेला सात लाख टनांचा कोटा रद्द केला. फेब्रुवारी १९६२ मध्ये व्यापारबंदी पूर्ण झाली.

रद्द झालेला कोटा हवेत विरला नाही. तो इतर देशांना वाटला गेला. डोमिनिकन प्रजासत्ताक, फिलिपिन्स, ब्राझील, पेरू यांच्याबरोबर भारतालाही अमेरिकेच्या बाजारात जागा मिळाली. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने झपाट्याने उभे राहत होते तो हाच काळ. क्यूबाच्या ताटातून उचललेला एक घास आपल्याही पानात पडला होता. आपल्या साखरेच्या इतिहासात याचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो. निर्यातीचा बाजार आपण 'मिळवला' असे म्हणतो तेव्हा तो कोणाच्या तरी हातून सुटलेला असतो.

क्यूबाने गिऱ्हाईक बदलले, पण गिऱ्हाईक पुन्हा एकच राहिले. १९६४ च्या करारात सोव्हिएत संघाने पौंडाला ६.११ सेंट असा पक्का भाव ठरवला. दोनच वर्षांत जागतिक भाव दोन सेंटच्या खाली गेल्यामुळे हा सौदा क्यूबाला वरदानच ठरला. मग उत्पादन वाढवण्याचे वेड लागले. १९७० च्या हंगामासाठी एक कोटी टनांचे उद्दिष्ट जाहीर झाले. कार्यालये, शाळा, लष्कर, सगळे उसाच्या फडात उतरले. १९६९ ची नाताळची सुट्टीसुद्धा रद्द झाली. साखर झाली सुमारे ८५ लाख टन. तोवरचा तो विक्रमच होता, पण बाकीची अर्थव्यवस्था त्या वर्षी विस्कटली आणि उद्दिष्ट हुकल्याची कबुली कॅस्ट्रोंना जाहीर सभेत द्यावी लागली.

त्यानंतरची पंधरा वर्षे जागतिक बाजारात भावाचा पाळणा जोरात हलत होता. नोव्हेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कला पौंडाला ६५ सेंट आणि १९८५ च्या मध्यावर तीन सेंटपेक्षाही कमी. या झोक्यातून क्यूबा वाचला तो सोव्हिएत भावामुळे. पण तिथे एक विचित्र गोष्ट घडत होती. साखरेच्या बदल्यात येणारे सोव्हिएत तेल गरजेपेक्षा जास्त असे. उरलेले तेल क्यूबा परस्पर परदेशात विकत असे आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर नगद डॉलरची सर्वांत मोठी कमाई या फेरविक्रीतून होत होती. साखर पिकवणारा देश डॉलर मिळवत होता तेलाचे, आणि त्याच्या जमिनीतून तेल निघत होते ते नावापुरतेच.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला. तेल थांबले, खत थांबले, ट्रॅक्टरचे सुटे भाग थांबले. शेतात पुन्हा बैल आले. १९९० च्या सुमारास ८० लाख टनांवर असलेले साखरेचे उत्पादन १९९३ मध्ये ४२ लाख टनांवर उतरले. याच दिवसांत, १९९२ मध्ये, भारतात लोकवर्गणीतून गोळा केलेला गहू जहाजाने क्यूबाला गेला होता. त्या पिठाच्या पावाला तिकडे 'भारताचा पाव' म्हणाले.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच पुस्तकांत सापडते. पुढचा भाग व्यापार-व्यवहाराच्या दृष्टीने जास्त शिकवणारा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

सोव्हिएत गिऱ्हाईक गेल्यावर क्यूबाने पर्यटनाची दारे उघडली आणि १९९४ पासून दोन चलने चालवली. एक साधा पेसो, दुसरा डॉलरच्या बरोबरीचा पेसो. सामान्य माणसाला एका डॉलर-पेसोमागे चोवीस-पंचवीस साधे पेसो मोजावे लागत. सरकारी कारखान्यांच्या हिशेबात मात्र एक डॉलर म्हणजे एकच पेसो. याचा अर्थ साखर कारखान्याच्या जागी बसून पाहावा. कारखान्याने हजार डॉलरची साखर निर्यात केली की त्याच्या वहीत हजार पेसो जमा. मजुरी, ऊसखरेदी आणि दुरुस्ती त्याच हजारात भागवायची. जो परदेशातून माल आणतो त्याला डॉलर कवडीमोलाने मिळतो आणि जो डॉलर कमावून आणतो त्याच्या हाती कवडी पडते. अशा वहीत प्रत्येक निर्यातदार तोट्यातच दिसणार. २००२ मध्ये सरकारने १५६ पैकी जवळपास निम्मे कारखाने बंद करायचे ठरवले. त्या वेळी जागतिक भाव खरोखरच पडलेले होते, यंत्रे जुनी होती, हे खरे. पण तोट्यातला किती भाग उसाचा आणि किती वहीचा, हा प्रश्न माझ्या मते तेव्हा नीट विचारला गेला नाही. चलने एक झाली ती १ जानेवारी २०२१ रोजी. तोवर कारखाने भंगारात गेले होते आणि लागण केलेल्या जमिनींवर काटेरी झुडपे माजली होती.

२०२२-२३ च्या हंगामात क्यूबात साखर झाली सुमारे साडेतीन लाख टन. त्यानंतर ती आणखी घसरली. हा आकडा आपल्या मापात बघू. हंगामाला दहा लाख टन ऊस गाळून बारा टक्के उतारा मिळवणारा कारखाना एक लाख वीस हजार टन साखर करतो. असे तीन कारखाने म्हणजे अख्खा क्यूबा. कोल्हापूर विभागातले कारखाने मिळून चांगल्या हंगामात वीस लाख टनांहून जास्त साखर काढतात. जो देश जगाला साखर पुरवत होता, तो आता घरच्या चहासाठी साखर आयात करतो.

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या उद्योजकाने अशा देशाला माल विकायचा म्हटले तर काय होते? पंप, ओतीव भाग, कारखान्याचे सुटे भाग, यांची तिकडे गरज उघड आहे. पण खरेदीदार बहुधा सरकारी कंपनी असते. २०२१ पासून शंभर कामगारांपर्यंतच्या खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, तरी त्यांची आयातही बव्हंशी सरकारी मध्यस्थामार्फत चालत आली. उधारी लांबलचक. २००९ च्या सुमारास तर परदेशी पुरवठादारांची क्यूबातल्या बँकांतली खातीच गोठली होती, पैसे दिसत होते पण बाहेर काढता येत नव्हते. डिसेंबर २०१५ मध्ये धनको देशांच्या गटाने क्यूबाच्या सुमारे ११ अब्ज डॉलरच्या थकीत कर्जापैकी साडेआठ अब्ज सोडून दिले, यावरून वसुलीची कल्पना यावी. शिवाय अमेरिकेच्या १९९२ च्या कायद्यामुळे क्यूबाच्या बंदरात माल उतरवलेले जहाज पुढचे १८० दिवस अमेरिकी बंदरात मालाची चढ-उतार करू शकत नाही. तेवढ्यासाठी जहाज कंपनी जास्त भाडे मागते किंवा नकोच म्हणते. बँकाही अमेरिकेच्या दंडाच्या भीतीने कागदपत्रांना हात लावत नाहीत. मालाची किंमत ठरवणे हा या व्यापारातला सर्वांत सोपा भाग आहे.

आता सेंट किट्स. हे बेट आपल्या एखाद्या तालुक्याहून लहान. उसाच्या मळ्यांनी किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत भरलेले. ऊस वाहायला बेटाभोवती अरुंद रुळांची गाडी. १९७५-७६ मध्ये सरकारने मळे आणि कारखाना दोन्ही ताब्यात घेतले. याच सुमारास, १९७५ मध्ये, युरोपने आपल्या जुन्या वसाहतींशी साखर करार केला. वर्षाला सुमारे १३ लाख टन साखर युरोपच्या अंतर्गत भावाने घ्यायची, मुदत न घालता. मॉरिशस, फिजी, गयाना, जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद, सेंट किट्स हे त्याचे लाभार्थी. स्वतंत्र करारान्वये भारतालाही छोटा वाटा मिळाला होता, जो पुढे दहा हजार टनांवर राहिला.

या कराराचा भाव कच्च्या साखरेला टनामागे ५२३.७ युरो होता. २००४ च्या आसपास जागतिक बाजारात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका भाव चालू होता. एवढे छत्र डोक्यावर असताना सेंट किट्सचा कारखाना नफ्यात असायला हवा होता. तो कर्जात बुडत गेला. उत्पादन खर्च त्या चढ्या भावाच्याही वर गेला होता. बंद करावे तर मजुरांचे काय, म्हणून सरकार कर्ज काढून चालवत राहिले आणि हे कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या पाव हिश्श्याहून अधिक झाले. आजारी कारखाना राजकीय कारणाने चालू ठेवण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही, तेव्हा या बेटाला नावे ठेवायला आपण लायक नाही.

छत्र उडाले ते जिनिव्हातून. युरोप चढ्या भावाच्या साखरेतून उरलेला माल अनुदान देऊन जगात विकतो, अशी तक्रार ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे केली. एप्रिल २००५ मध्ये अपिलाचा निकाल युरोपच्या विरोधात गेला. युरोपने आपला भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के उतरवायचे ठरवले, टनाला ३३५ युरोपर्यंत, आणि 'मुदत न घातलेला' करार ३० सप्टेंबर २००९ रोजी संपवून टाकला. सेंट किट्सने वाट पाहिली नाही. जुलै २००५ मध्ये शेवटचा ऊस गाळला गेला आणि साडेतीनशे वर्षांचा उद्योग थांबला. दीड हजाराच्या आसपास कामगार घरी बसले. त्रिनिदादमध्ये दोन वर्षे आधीच सरकारी 'कॅरोनी' कंपनीने नऊ हजार कामगारांना निवृत्ती दिली होती. त्यांत 'फतेल रझाक'मागून आलेल्यांचे नातू-पणतू मोठ्या संख्येने होते.

नंतर सेंट किट्सने काय विकले? उसाच्या रुळांवर आता पर्यटकांची गाडी धावते. आणि बेट नागरिकत्व विकते. ही योजना १९८४ सालची. पण २००६ मध्ये 'साखर उद्योग विविधीकरण प्रतिष्ठान' या नावाचा निधी स्थापन झाला आणि त्यात ठरावीक देणगी देणाऱ्या परदेशी माणसाला पासपोर्ट मिळू लागला. साखर गेली, पण नाव पासपोर्टच्या पावतीवर राहिले. कर्जाचा डोंगर उतरवायला सरकारने पुढे मळ्यांच्या जमिनी बँकेच्या स्वाधीन केल्या. पासपोर्टचा हा धंदा शेजारच्या बेटांनीही उचलला. मुंबईच्या एका फरारी हिरे व्यापाऱ्यामुळे अँटिग्वाचे नाव आपल्या वर्तमानपत्रांत झळकले ते याच धंद्यातून. हेही गिऱ्हाईक मर्जीचेच आहे. युरोपने या पासपोर्टवर बिनव्हिसा प्रवेश थांबवला, तर त्याची किंमत एका रात्रीत उतरेल.

साखरेच्या व्यापारात आणखी एक बाजू हल्ली पुढे येते आहे, ती तोडणीची. क्यूबात हंगामाला 'साफ्रा' म्हणतात आणि उरलेल्या महिन्यांना 'मेलेला काळ'. त्या हंगामासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी हैती आणि जमैकातून टोळ्या आणल्या जात. डोमिनिकन प्रजासत्ताकात हैतीचे तोडणी मजूर आजही फडाजवळच्या वस्त्यांत राहतात. २०१३ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने १९२९ पासून तिथे जन्मलेल्या अशा परदेशी मजुरांच्या संततीचे नागरिकत्वच नाकारले. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या जकात खात्याने सक्तमजुरीच्या कारणावरून तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीची साखर अडवली. ही अडवणूक पुढे उठली, पण वाट पडली. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये आपल्या विधिमंडळात गाजला. आमच्या भागात खोपी घालून राहणाऱ्या टोळ्यांना उचल, कोयता आणि मुकादम यांच्यापलीकडे काय मिळते, हे परदेशी खरेदीदार उद्या विचारू शकतो.

आणि जिनिव्हाची तीच वाट आपल्या दारापर्यंत आली आहे. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध तशीच तक्रार केली. उसाची एफआरपी आणि निर्यातीचे अनुदान नियमांपलीकडचे आहे, असा निकाल १४ डिसेंबर २०२१ रोजी लागला. भारताने अपील केले. अपील ऐकणारे मंडळ डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी ठप्प असल्याने प्रकरण जिथल्या तिथे आहे. २०१९-२० मध्ये केंद्राने ६० लाख टनांच्या निर्यातीसाठी टनामागे १०,४४८ रुपये दिले होते. पुढच्या वर्षी सहा हजार आणि नंतर चार हजार. २०२१-२२ मध्ये ब्राझीलमधल्या दुष्काळामुळे जगात भाव चढला आणि अनुदानाशिवाय भारताने सुमारे ११० लाख टन साखर बाहेर पाठवली. जयगड आणि जेएनपीटी बंदरे जवळ असल्याने आपल्या भागाला त्याचा चांगला लाभ झाला.

त्यानंतर दार बंद होत गेले. जून २०२२ पासून निर्यातीवर बंधने आली, २०२२-२३ मध्ये साठ लाख टनांच्या आसपास परवानगी, २०२३-२४ मध्ये काहीच नाही, २०२४-२५ मध्ये दहा लाख टन. हा दहा लाख टनांचा कोटा सर्व कारखान्यांना तीन वर्षांच्या सरासरी उत्पादनाच्या ३.१७४ टक्के असा वाटला गेला. वर धरलेल्या एक लाख वीस हजार टनांच्या कारखान्याच्या वाट्याला ३,८०९ टन येतात. ज्यांना बंदर लांब पडते असे उत्तरेकडचे कारखाने आपला निर्यात कोटा दक्षिणेकडच्यांना देतात आणि बदल्यात देशांतर्गत विक्रीचा कोटा घेतात, वर फरकाची रक्कम ठरते ती वेगळी. साखर हलत नाही, कोट्याचा कागद हलतो. न्यूयॉर्कचा भाव २० सेंट असला तर टनाला ४४१ डॉलर होतात. डॉलर ८५ रुपये धरला तर क्विंटलला सुमारे ३,७५० रुपये, त्यातून वाहतूक आणि बंदरखर्च वजा. हा हिशेब कोणालाही करता येतो. पण माल बाहेर काढायची मुभा मिळेल की नाही, हे त्या हिशेबात नसते.

कोल्हापूरच्या उसाला गिऱ्हाईक कोण, असा प्रश्न कोणी विचारला तर मिठाईवाला, शीतपेयाची कंपनी, घरगुती ग्राहक अशी उत्तरे येतील. माझे उत्तर वेगळे आहे. महिन्याला किती साखर विकायची ते केंद्र ठरवते. आयातीवर शंभर टक्के जकात केंद्राची. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि तिथेच राहिला. त्या हंगामात एफआरपी दहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २७५ रुपये होती, २०२५-२६ साठी ती सव्वादहा टक्क्यांना ३५५ रुपये आहे. इथेनॉल हा मोठा आधार म्हणून उभा राहिला, कारखान्यांनी कर्जे काढून आसवन्या वाढवल्या आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी एका आदेशाने उसाच्या रसापासूनचे इथेनॉल त्या हंगामापुरते रोखले गेले. इथेनॉलचा खरेदीदारही सरकारी तेल कंपन्याच. वॉशिंग्टनचा कृषिमंत्री क्यूबाचा आकडा ठरवत असे, तेव्हा क्यूबाच्या शेतकऱ्याला त्याला मत देता येत नव्हते. आपल्याला देता येते, हा फरक मोठा आहे आणि कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याने आंदोलनातून तो वेळोवेळी वापरलाही आहे.

मात्र वार्षिक सभांत साखर किती झाली आणि उतारा किती पडला, यावर जितका वेळ जातो, त्याच्या निम्मासुद्धा वेळ ती कोणाला विकली यावर जात नाही. अहवालाच्या मागच्या पानांत विक्रीचा तक्ता असतो. किती पोती देशात गेली, किती बाहेर, किती कोटा दुसऱ्याला दिला आणि काय फरक मिळाला, किती रस इथेनॉलला वळवला, तारणकर्जाचे व्याज किती, हे सगळे त्यात शोधले तर सापडते. या दिवाळीत बॉयलर पेटण्याच्या सुमारास गेल्या पाच वर्षांचे असे तक्ते मी शेजारी शेजारी मांडून पाहतो आहे. सभासदांच्या घरोघरी हे अहवाल येतात, बहुतेक ठिकाणी ते माळ्यावर पडून असतात.